अडगळीतला कॅमेरा पुन्हा हाती घेताना

कमी खर्चात छायाचित्रणाकडे परतणाऱ्यांना कोकणच्या दमट हवेत काय सांभाळावे लागते?

पोफळी (जि. रत्नागिरी) : कुंभार्ली घाट जेथे कोकणात उतरतो, तेथे चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव वसले आहे. घाटमाथ्यापलीकडील कोयना धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यातून येथील भूमिगत विद्युतगृहात येते. १९६० च्या दशकात हे विद्युतगृह सुरू झाले आणि प्रकल्पाच्या कामासाठी कोयनानगर, पोफळी, अलोरे येथे वसाहती उभ्या राहिल्या. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे येथे नांदली. त्यांच्यापैकी ज्यांना हौस होती आणि परवडत होते, त्यांनी कॅमेरेही घेतले. ते कॅमेरे आजही अनेक घरांच्या कपाटात, चामड्याच्या पेटीत पडून आहेत.

नोकरीतून मोकळे झालेले वडील, शिक्षण संपवून घरी परतलेला मुलगा किंवा मोबाइलच्या छायाचित्रांना कंटाळलेली एखादी शिक्षिका असा जुना कॅमेरा बाहेर काढते, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. हा कॅमेरा चालेल काय? दुरुस्त करावा, की त्याच पैशांत वापरलेला डिजिटल कॅमेरा घ्यावा? या प्रश्नांची उत्तरे मुंबई-पुण्यात एक असतात आणि पोफळीत दुसरी. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे वस्तू किती जुनी आहे यापेक्षा ती किती ओलाव्यात राहिली, याला अधिक महत्त्व येते.

कपाटात काय सापडते?

सर्वांत जुन्या पिढीतील ओळखीचा कॅमेरा म्हणजे बडोद्यात तयार होणारा ‘ॲग्फा क्लिक थ्री’. त्यात १२० क्रमांकाचा रुंद रोल बसतो आणि त्यावर बारा चौरस छायाचित्रे येतात. हा रोल आजही तयार होत असल्याने, झडप चालत असेल तर हा कॅमेरा आजही वापरता येतो. त्यानंतरच्या काळातील याशिका ‘एमएफ-टू’ आणि १९९० च्या दशकातील कोडॅक ‘केबी-टेन’ हे ३५ मिलिमीटरच्या रोलवर चालणारे साधे कॅमेरे होत. त्यांत फोकस जुळवावा लागत नाही. ‘एमएफ-टू’मध्ये बाजारात सर्वत्र मिळणारे पेन्सिल सेल चालतात.

हौशी मंडळींकडे आढळतो तो एसएलआर कॅमेरा. १९७६ ते १९९७ या काळात तयार झालेला पेंटॅक्स ‘के-१०००’ किंवा १९८२ मध्ये आलेला निकॉन ‘एफएम-टू’ यांची झडप पूर्णपणे यांत्रिक आहे. सेल नसला तरी ती चालते, सेल लागतो तो केवळ प्रकाशमापकाला. याउलट, याशिका ‘इलेक्ट्रो ३५’सारख्या कॅमेऱ्यात झडपेचा वेगच विजेवर ठरतो. त्यामुळे कॅमेरा मृत आहे असे ठरविण्यापूर्वी तो यांत्रिक आहे की विजेवर अवलंबून आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

आत रोल असेल तर

जुना कॅमेरा हाती येताच मागचे झाकण उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा. आत अर्धवट काढलेला रोल असू शकतो आणि त्यावर आज हयात नसलेल्या माणसांची छायाचित्रे असू शकतात. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल मागे गुंडाळण्याची कळ सावकाश फिरवावी. ताण जाणवला तर आत रोल आहे, असे समजावे. तो पूर्ण गुंडाळूनच बाहेर काढावा. ‘क्लिक थ्री’सारख्या कॅमेऱ्यात मागील लाल खिडकीतून चित्राचा क्रमांक दिसतो. तेथे रोल शेवटपर्यंत पुढे फिरवून मगच झाकण उघडावे.

अशा रोलची धुलाई नेहमीच्या पद्धतीने होईलच असे नाही. आजची रंगीत रोलची रासायनिक पद्धत १९७२ पासूनची आहे. त्याआधीच्या पद्धतीचे रंगीत रोल आता बहुधा कृष्णधवल म्हणूनच धुता येतात. कोडाक्रोम या प्रसिद्ध स्लाइड रोलचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि अमेरिकेतील कॅन्सस राज्यात त्याची धुलाई करणाऱ्या अखेरच्या प्रयोगशाळेने २०१० च्या डिसेंबरअखेर तो स्वीकारणे बंद केले. म्हणून रोलवरील नाव व सांकेतिक अक्षरे प्रयोगशाळेला आधी कळवावीत. प्रतिमा धूसर येण्याची तयारी ठेवावी. मात्र रोल फेकून देऊ नये.

खरा शत्रू बुरशी

कोकणात जुन्या लेन्सचा अंत बहुधा बुरशीने होतो. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, हवा खेळती नसली आणि अंधार असला, की काचेवर बुरशीचे तंतू पसरू लागतात. त्यांतून स्रवणारे आम्ल काचेवरील पातळ लेप खाते. बुरशी पुसली गेली तरी तो डाग मग कायमचा राहतो. बंद कपाट व चामड्याची पेटी या दोन्ही गोष्टी तिला पोषक. चामडे स्वतः ओलावा धरून ठेवते. म्हणून पेटी आठवण म्हणून जपावी, कॅमेरा मात्र तिच्यात ठेवू नये.

तपासणी सोपी आहे. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडावे, एका बाजूने मोबाइलचा दिवा तिरका धरावा व दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. दुधाळ पापुद्रा दिसला तर ते बहुधा आतील वंगणाचे बाष्प असते. कडेला इंद्रधनुष्यी रंगांचा पट्टा दिसला तर दोन काचा जोडणारा चिकट थर सुटत चालला आहे. धुळीचे चार कण मात्र छायाचित्रात दिसत नाहीत, त्यांची चिंता नको.

बुरशी पुढील किंवा मागील काचेवर असेल, तर कारागीर ती स्वच्छ करू शकतो. चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये ती शिरली असेल, तर साध्या लेन्सवर खर्च करण्यात अर्थ नाही. लेन्स उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय बुरशीची वाढ रोखण्यास थोडीफार मदत करतो, परंतु आधीचे डाग जात नाहीत. शिवाय लेन्स सूर्याकडे रोखलेली असेल तर किरण एकवटून आग लागण्याचा धोका असतो. बुरशी लागलेली लेन्स इतर लेन्सपासून वेगळी ठेवावी.

रोल न घालता करावयाची तपासणी

रोल विकत घेण्यापूर्वी कॅमेऱ्याची परीक्षा घरीच घ्यावी. मागचे झाकण उघडून झडप एक सेकंदाच्या वेगावर चालवावी. ती मध्येच अडखळली किंवा उघडीच राहिली, तर वंगण सुकले आहे, हे उघड आहे. वेगवान गतींवर झडपेतून उजेडाची समान चमक दिसली पाहिजे. झाकणाच्या खाचांतील काळा फोम वर्षानुवर्षांनी डांबरासारखा चिकट होतो आणि तेथून उजेड आत शिरून रोल खराब होतो. हा फोम खरवडून नवा बसविण्याचे काम सावकाश हाताने घरीही करता येते.

सेलच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसली, तर कापसाच्या बोळ्यावर किंचित व्हिनेगर घेऊन ती पुसावी व जागा कोरडी करावी. १९६० व ७० च्या दशकांतील अनेक कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. हे सेल आता बाजारात नाहीत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा साधा बटन सेल घातला, तर काटा चुकीचे मोजमाप दाखवू शकतो. श्रवणयंत्रासाठी औषधांच्या दुकानात मिळणारा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास असल्याने तो जवळचा पर्याय ठरतो. त्याचे आयुष्य मात्र काही आठवड्यांचेच असते.

रोल की डिजिटल?

रोलच्या कॅमेऱ्याचे आकर्षण पुन्हा वाढले आहे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये रोलवर चालणारा नवा कॅमेरा बाजारात आणला, हे त्याचेच द्योतक. परंतु कॅमेरा घरचा असला म्हणून छायाचित्रण स्वस्त होत नाही. ३६ चित्रांचा रंगीत रोल आज साधारण हजार रुपयांच्या घरात जातो. धुलाई, स्कॅनिंग व टपालखर्च धरता रोलमागे दीड हजारांच्या आसपास खर्च येतो. म्हणजे एका छायाचित्राला चाळीसेक रुपये पडतात. महिन्याला एक रोल काढणाऱ्याचा वर्षाचा खर्च अठरा हजार रुपयांवर जातो. तेवढ्यात वापरलेला डिजिटल एसएलआर घेऊन वरती काही रक्कम उरते. ज्याला पुन्हा हात बसवायचा आहे, शेकडो छायाचित्रे चुकवून शिकायचे आहे, त्याने डिजिटलने आरंभ करावा आणि रोल सणासुदीसाठी राखून ठेवावा, हे व्यवहार्य.

रोलचाच आग्रह असेल तर कृष्णधवल रोल घरी धुणे हा खर्च कमी करण्याचा मार्ग आहे. त्यासाठी अंधारी खोली कायमची लागत नाही. रोल टाकीत भरण्यापुरता काळोख पुरतो. मात्र रसायनांच्या वेष्टनावरील वेळ बहुधा २० अंश सेल्सिअस तापमानासाठी दिलेला असतो, आणि कोकणात उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असते. बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवून तापमान उतरवावे लागते. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदीचा अंश असतो, तो विहिरीजवळ किंवा पऱ्यात ओतू नये.

जुने डिजिटल कॅमेरे

२००३ मध्ये आलेला कॅनन ‘३०० डी’, २००४ चा निकॉन ‘डी-७०’ व २००६ चा ‘डी-४०’ हे सहा मेगापिक्सेलच्या वर्गातील कॅमेरे आज अत्यल्प किमतीत मिळतात. ‘डी-४०’चे चित्र ३००८ बाय २००० बिंदूंचे असते. इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने त्यातून दहा बाय साडेसहा इंचांची उत्तम प्रत निघते. घरातील भिंतीसाठी ती पुरेशी आहे. २००८ चा निकॉन ‘डी-९०’ हा बारा मेगापिक्सेलचा. कमी उजेडात तो या जुन्यांपेक्षा सरस ठरतो आणि दहा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळू शकतो.

घरात निकॉनच्या जुन्या लेन्स असतील तर निवड विचारपूर्वक करावी. निकॉनने १९५९ पासून एसएलआर कॅमेऱ्यांसाठी एकच बैठक कायम ठेवली असली, तरी प्रत्येक कॅमेऱ्यावर प्रत्येक लेन्स सर्व कामे करीत नाही. ‘डी-४०’मध्ये फोकसची मोटार नाही, त्यामुळे मोटार नसलेल्या लेन्सवर फोकस हाताने जुळवावा लागतो. ‘डी-९०’मध्ये मोटार आहे, परंतु पूर्णपणे हाताने चालणारी जुनी लेन्स लावल्यास त्याचा प्रकाशमापक बंद राहतो. अशा लेन्ससाठी २००५ चा ‘डी-२००’ किंवा २०१० चा ‘डी-७०००’ अधिक सोयीचा.

पेंटॅक्स, याशिका किंवा जुन्या स्क्रू पद्धतीच्या लेन्स कॅननच्या ईओएस कॅमेऱ्यावर स्वस्त जोडकडीने बसतात व दूरवरचा फोकसही मिळतो. मात्र कॅननच्याच १९७१ च्या ‘एफडी’ मालिकेतील लेन्स ईओएसवर नीट चालत नाहीत, कारण १९८७ मध्ये कंपनीने बैठकच बदलली. आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर जवळजवळ सर्व जुन्या लेन्स चालतात. २०१० मध्ये आलेल्या सोनी ‘नेक्स’ मालिकेतील कॅमेरे त्यांतील स्वस्त होत. तेथे फोकस व छिद्र दोन्ही हातानेच जुळवावे लागते.

लेन्स एकच घ्यावयाची असेल तर ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही सर्वांत लाभदायक. सर्वसाधारण डिजिटल कॅमेऱ्यावर ती ७५ ते ८० मिलिमीटरसारखे दृश्य देते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्सच्या एफ/५.६ या छिद्राशी तुलना करता तिच्यातून सुमारे नऊ-दहा पट अधिक उजेड आत येतो. आषाढातल्या काळोख्या दुपारी, ओटीवर किंवा झाडीत छायाचित्र काढताना हाच फरक निर्णायक ठरतो. घाटातील विस्तीर्ण दृश्यांसाठी मात्र १८-५५ मिलिमीटरची साधी झूमच हवी.

वापरलेली वस्तू घेताना

मुंबईत बोराबाजार परिसरातील कॅमेऱ्यांची दुकाने व चोरबाजार, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही अशा वस्तूंची परिचित ठिकाणे. इंटरनेटवरही भरपूर माल दिसतो. परंतु प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डिजिटल कॅमेऱ्याची झडप किती वेळा चालली, याचा आकडा छायाचित्राच्या फाइलमध्ये बहुधा नोंदलेला असतो, तो मागावा. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढल्यास संवेदकावरील धूळ व बुरशीचे डाग उघडे पडतात. बॅटरी फुगलेली नाही, कार्डाच्या कप्प्यातील पिना वाकलेल्या नाहीत, हे पाहावे. ‘३०० डी’ व ‘डी-७०’ यांना जुन्या पद्धतीचे रुंद कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागते. ते कार्ड व ते वाचणारे यंत्र कॅमेऱ्यासोबतच मागून घ्यावे.

कंपन्या बंद केलेल्या मॉडेलचे सुटे भाग काही वर्षांनंतर पुरवीत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा अधिक होण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसरा वापरलेला कॅमेरा घेणे स्वस्त पडते.

आणखी एक प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा : ही वस्तू आजवर कोठे राहिली? माण-खटावच्या कोरड्या हवेत वीस वर्षे पडून असलेली लेन्स किनारपट्टीवरील पाच वर्षांच्या लेन्सपेक्षा निर्मळ असू शकते.

पावसाळ्यातील साठवण

कॅमेरा घेण्याआधी त्याची कोरडी जागा तयार असावी. विजेवर चालणारी कोरडी कपाटे मिळतात, पण ती महाग आहेत. स्वयंपाकघरातील रबरी कडेचा घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिक डबा, पाव-अर्धा किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर हजार-बाराशे रुपयांत काम भागते. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. ३० टक्क्यांच्या खाली गेल्यास वंगण सुकते व रबर तडकते.

सिलिका जेलचे खडे ओलावा शोषून रंग बदलतात. निळे खडे गुलाबी होतात, नारिंगी खडे हिरवे. मग ते मंद आचेवर वेगळ्या जुन्या भांड्यात तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या खड्यांत कोबाल्टचे संयुग असल्याने ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत व तापविण्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. तांदळात कॅमेरा ठेवल्यास पिठूळ कण आत शिरतात, डांबराच्या गोळ्यांची वाफ काचेवर बसते. हे दोन्ही उपाय टाळावेत.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नियमित वापर. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढावा, लेन्सची कडी फिरवावी, झडप चालवावी. वातानुकूलित गाडीतून उतरताच काचेवर बाष्प धरते. तेव्हा कॅमेरा बंद पिशवीतच दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेत ठेवून मग उघडावा.

प्रकाशमापक बंद असेल तर

जुन्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक निकामी असला तरी काम अडत नाही. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि झडपेचा वेग रोलच्या आयएसओ आकड्याइतका घ्यावा. ४०० च्या रोलला सेकंदाचा ५०० वा भाग, २०० ला २५० वा. वेग तोच ठेवून विरळ ढगांत एफ/११, पूर्ण ढगाळ हवेत एफ/५.६ आणि पावसाळी काळोखात किंवा दाट सावलीत एफ/४ घ्यावे. झाडीच्या आत याहूनही अधिक उजेड द्यावा लागतो. कृष्णधवल व रंगीत निगेटिव्ह रोल थोडा जास्त उजेड सहज सोसतो, कमी उजेड मात्र सोसत नाही.

पोफळीच्या परिसरात टिपण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु विद्युतगृह व त्याच्याशी संलग्न प्रतिबंधित क्षेत्रात परवानगीशिवाय छायाचित्रण करता येत नाही, आणि घाटमाथ्यावरील वनात सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे नियम लागू आहेत, हे लक्षात ठेवावे.

पहिले काम घरातच

परतणाऱ्या छायाचित्रकारासाठी सर्वांत मोलाचे काम त्याच कपाटात असते. कॅमेऱ्याशेजारच्या पाकिटांतील निगेटिव्हही त्याच ओलाव्यात असतात आणि त्यांना दुसरी प्रत नसते. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने वेढले, तेव्हा कागदाची आणि छायाचित्रांची किंमत अनेक घरांना कळली. जी छायाचित्रे एकाच पाकिटात असतात, ती एका रात्रीत जाऊ शकतात.

जुना डिजिटल कॅमेरा येथे उपयोगी पडतो. लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या कड्या किंवा मॅक्रो लेन्स लावावी, टॅब्लेटचा पडदा पूर्ण पांढरा करावा, निगेटिव्ह त्याच्यापासून काही सेंटिमीटर वर धरून ठेवण्याची सोय करावी आणि कॅमेरा तिकाटण्यावर लावून छायाचित्र घ्यावे. संगणकावर ते उलटे केले की चित्र उमटते. बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा यासाठी पुरतो. एकमेकांना चिकटलेल्या निगेटिव्ह कोरड्या असताना ओढू नयेत, स्वच्छ पाण्यात भिजवून हळुवार सोडवाव्यात. सुकल्यावर त्या पीव्हीसीच्या पाकिटांत न ठेवता पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवाव्यात आणि डिजिटल प्रती दोन वेगळ्या ठिकाणी, शक्य तर एक दुसऱ्या गावी जपावी.

चौकट : पंधरा हजार रुपयांचे अंदाजपत्रक

- कोरडा डबा, सिलिका जेल, आर्द्रतामापक : हजार ते बाराशे रुपये. हा खर्च सर्वांत आधी.
- घरातील कॅमेरा व लेन्सची तपासणी : बिनखर्ची. बुरशी नसलेली प्रत्येक लेन्स म्हणजे वाचलेले पैसे.
- घरच्या लेन्सशी जुळणारा वापरलेला डिजिटल कॅमेरा : दहा हजारांच्या आसपास.
- जादा बॅटरी व कार्ड : दीड ते दोन हजार.
- उरलेली रक्कम : जोडकडी, निगेटिव्हसाठी पाकिटे व वर्षातून एखादा रोल.

खरेदीला पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे महिने उत्तम. जूनच्या तोंडावर घेतलेला आणि चामड्याच्या पेटीत घालून ठेवलेला कॅमेरा दसऱ्याला बाहेर काढला, तर त्याच्या काचेवर बुरशीने आपले काम सुरू केलेले असते.